बीबेराइटच्या नावाखाली ७४८ युरो गेले

दगडाचे ६४०, कुरिअरचे १८, एक्स-रे तपासणीचे ९०. जर्मनीत राहून खनिजं जमवणाऱ्यांनो, ‘जुन्या संग्रहातलं बीबेराइट’ अशी जाहिरात दिसली की पुढे सरका.

मी नवखा नाही. वाघोलीचं कॅव्हान्साइट, जळगावचं अ‍ॅपोफिलाइट लहानपणापासून हाताळलंय. पण बीबेराइट प्रत्यक्ष पाहिलंय कुणी? हिराकसाच्याच कुळातलं, फक्त लोहाच्या जागी कोबाल्ट. खाणीच्या ओल्या भिंतींवर त्याचे गुलाबी-लाल पापुद्रे धरतात, बहुतेक वेळा तेवढंच. नाव पडलं हेसे राज्यातल्या बीबर गावावरून. माझ्या दगडासोबतच्या चिठ्ठीवरही तेच गाव, जुनाट शाईत, साल १९०८.

तिथेच दिसायला हवं होतं! हे खनिज कोरड्या हवेत पाणी सोडतं, फिकट पडतं, भुगा होतं. मग शंभर वर्षं कपाटात पडलेला स्फटिक काचेसारखा चकचकीत कसा? विचारलं होतं मी विक्रेत्याला. म्हणे, लाखेचा थर दिलाय. आणि आतून आरपार गेलेली केसाएवढी रेघ? म्हणे, तडा. कसला तडा, दोरा होता तो! शाळेत मोरचूदाचा स्फटिक टांगून वाढवतात ना, तसाच हा बरणीत वाढवून दगडाला चिकटवलेला. फोटोवरून कुणाला कळलं असतं, सांगा. (हातात आल्यावर अतिनील टॉर्च मारा, बरेच गोंद चमकतात.)

तपासणीत काय आलं? कोबाल्ट सल्फेट, पाण्याचे सात रेणू. म्हणजे नेमकं बीबेराइटचंच सूत्र! पोलिसांनी माझाच कागद मला दाखवला: वर्णनाप्रमाणे वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली? खाणीतलं आणि बरणीतलं यातला फरक समजावला, तर पुरावा आणा म्हणाले. पुरावा शोधायचं काम माझं? पैसे पाठवणाऱ्या कंपनीने हात वर केले, कारण रक्कम खरेदी म्हणून नाही, ‘मित्राला’ म्हणून पाठवलेली. फी वाचेल म्हणून विक्रेत्यानेच तसं सुचवलं होतं. तसं कधीच पाठवू नका. विक्रीच्या साइटचं उत्तर तर कहर: खातं बंद झालंय, तक्रार विक्रेत्याकडेच करा. बंद खात्याकडे!

पाण्यात विरघळणारं खनिज महाग मिळत असेल, तर आधी खाणीतला फोटो मागा.

दगड आता घट्ट झाकणाच्या डबीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवलाय. कोबाल्टचे क्षार विषारी असतात. तेही त्या माणसाने सांगितलं नव्हतं.