कन्व्हेन्शनल की अ‍ॅड्रेसेबल? सोसायटीच्या फायर अलार्मचं ठरवण्याआधी

पंधरा-वीस मजल्यांची इमारत, बिल्डरने बसवून दिलेलं फायर अलार्मचं पॅनल थकलेलं आणि कमिटीच्या टेबलावर दोन कोटेशनं. एक कन्व्हेन्शनलचं, दुसरं अ‍ॅड्रेसेबलचं. मुंबईत अशा सोसायट्या बऱ्याच आहेत, मुलुंडची आमची त्यातलीच. कमिटीत फायरचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे जुनी कन्व्हेन्शनल मी काही वर्षं सांभाळली आणि नंतर अ‍ॅड्रेसेबल उभी राहताना पाहिली. स्मोक आणि हीट डिटेक्टरमधला फरक, हूटरचा आवाज, पॅनलचा आकार हे सगळं कोटेशनात लिहिलेलं असतंच, त्यात शिरत नाही. डिटेक्टर आणि एमसीपी (मॅन्युअल कॉल पॉइंट, म्हणजे आग दिसली की माणसाने दाबायचं भिंतीवरचं बटण) पॅनलला नेमकं काय सांगू शकतात, एवढंच बघू. माझ्या मते निवड त्यावर व्हावी, पैशांचं गणित त्यानंतर मांडावं.

कन्व्हेन्शनलमध्ये इमारतीचे भाग पाडतात, त्यांना झोन म्हणतात. प्रत्येक झोनला पॅनलपासून दोन वायरी जातात. त्यांवर २४ व्होल्ट डीसी असतं आणि लाइनच्या शेवटी एक छोटासा रेझिस्टर. सगळं ठीक असताना त्या रेझिस्टरमधून थोडा करंट सतत वाहत राहतो. वायर तुटली की तो थांबतो, पॅनल फॉल्ट दाखवतं. डिटेक्टरला धूर लागला किंवा कोणी एमसीपी दाबला की करंट वाढतो, पॅनल फायर दाखवतं. एवढंच बोलणं. या साधेपणाचे फायदे आहेत आणि ते मी कमी लेखणार नाही. हातात मल्टिमीटर असलेला कुठलाही बरा इलेक्ट्रिशियन फॉल्ट शोधून देतो. रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर, वायर लोहार चाळीत मिळते. एका कंपनीचं दार धरून बसावं लागत नाही.

अडचण अशी की पॅनलला दिसतो फक्त करंट. 'झोन पाच' एवढंच कळतं. एका झोनवर वीसेक डिटेक्टर असू शकतात, त्यातला कोणता वाजला हे कळत नाही. शिवाय एमसीपी त्याच लाइनवर असेल, तर धूर लागला की माणसाने बटण दाबलं, हेही बहुतेक साध्या पॅनलना ओळखता येत नाही. हा फरक मोठा आहे. डिटेक्टर पावसाळी हवेनेही वाजतो; एमसीपी मात्र कोणीतरी डोळ्यांनी काहीतरी पाहून दाबलेला असतो. म्हणून कन्व्हेन्शनलच घ्यायचं ठरलं, तर एमसीपीचे झोन वेगळे मागा. वायरिंग वाढेल, पण करून घ्या.

आता माझं मत जिथे फिरलं ती गोष्ट. रिसेटचं बटण.

कन्व्हेन्शनल डिटेक्टर एकदा वाजला की लॅच होतो. धूर निघून गेला तरी त्याचा लाल दिवा पेटलेलाच राहतो. झोन बघायचा, त्या भागात जायचं, लाल दिवा शोधायचा, अशी ही योजना आहे आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. पण जुलैतल्या रात्री तीन वाजता गेटवर एकच वॉचमन असतो. हूटर वाजतोय, इंटरकॉमवर माणसं ओरडतायत. तो आधी सायलेन्स दाबतो. मग वर जातो, लॉबीत बघतो, धूर नाही. इलेक्ट्रिक डक्टला कुलूप आहे, किल्ली त्याच्याकडे नाही. फॉल्स सीलिंगच्या वरचा डिटेक्टर दिसतच नाही. तो खाली येतो आणि रिसेट दाबतो. रिसेट म्हणजे पॅनल त्या झोनचा पुरवठा काही सेकंद तोडतं, म्हणजे लॅच सुटतो. त्यासरशी लाल दिवाही विझतो. डक्टबाहेर रिस्पॉन्स इंडिकेटर, म्हणजे आतला डिटेक्टर वाजला की बाहेर पेटणारा दिवा, लावलेला असेल तर तोही विझतो.

सकाळी एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटाचा, माणूस येतो तेव्हा पॅनलवर फक्त हिरवा दिवा. 'साहेब, नॉर्मल आहे.' त्याचं काही चुकत नाही, खरोखरच नॉर्मल असतं. मग अंदाजाने दोन-चार डिटेक्टर उतरवून फुंकायचे, पुसायचे, एखादा बदलायचा. पुढच्या पावसात पुन्हा तोच झोन. आमच्याकडे हे इतक्यांदा झालं की लोकांनी दार उघडून बघणंही सोडलं. आणि एका सकाळी मी पॅनलचं दार उघडलं तर हूटरचा स्विच आयसोलेटवर, म्हणजे हूटर बंद. कोणी केलं ते मी विचारलंही नाही. रात्र-रात्र शिव्या खाणारा माणूस दुसरं काय करणार? पण रात्रभर सोळा मजल्यांवर म्हातारी माणसं, लेकरं झोपलेली होती आणि त्यांना उठवणारं काहीच चालू नव्हतं. हे मला आजही सहन होत नाही. खोटे अलार्म सगळीकडे होतात. खोटा अलार्म कुठून आला हे सापडत नसेल, तर अख्खी सिस्टिम हळूहळू मुकी केली जाते, हे मी पाहिलं आहे.

अ‍ॅड्रेसेबलमध्ये वायरी दोनच, पण पॅनलमधून निघून सगळ्या डिटेक्टर-एमसीपींमधून फिरून पुन्हा पॅनलमध्येच येतात. हा लूप. प्रत्येकाला स्वतःचा नंबर. वीजपुरवठा ज्या वायरींवरून जातो, त्याच वायरींवर पॅनल व्होल्टेजचे छोटे ठोके पाठवून एकेक नंबर पुकारतं, आणि ज्याचा नंबर तो करंटच्या ठोक्यांनी उत्तर देतो. शाळेतल्या हजेरीसारखं, फक्त अखंड चालणारं. अपोलोच्या एक्सपी ९५ मालिकेत एका लूपवर असे १२६ नंबर बसतात. तिथला डिटेक्टर 'आग आहे, आग नाही' असं सांगत नाही, आकडा सांगतो. स्वच्छ हवेत साधारण २५, ४५ ला पूर्वसूचना, ५५ ला फायर. ठरवायचं काम पॅनलचं. आणि एमसीपीला आपला नंबर येईपर्यंत थांबावं लागत नाही. तो दाबला की चालू हजेरीत मध्येच शिरून आपला निरोप देतो. कोणाच्या हाताने दिलेली सूचना आधी पोचावी, ही सोय मला फार मोलाची वाटते.

नवीन पॅनल लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात याचा अनुभव आला. स्क्रीनवर नंबर, मजला आणि 'पॅसेज' असं स्पष्ट लिहून आलेलं. वॉचमनने सवयीने रिसेट केलंच, पण तरीही नोंद राहिली. इव्हेंट लॉग मागे मागे नेला तर त्याच नंबरच्या पूर्वसूचना दिसल्या, सगळ्या दुपारच्या. वर जाऊन डिटेक्टर उतरवला तर जाळीत पांढरी भुकटी. शेजारच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं घासकाम चालू होतं, ती धूळ बसलेली आणि रात्रीच्या दमट हवेने उरलेलं काम केलेलं. डिटेक्टर साफ केला, काम संपेपर्यंत दिवसा त्याच्यावर टोपी घालायची आणि संध्याकाळी काढायची असं ठरलं. प्रश्न मिटला. जुन्या पॅनलवर या एका डिटेक्टरसाठी आम्ही पूर्ण मजला चाळला असता. फ्लॅटचं काम चालू असताना खोटा अलार्म टाळायला तेव्हा पूर्ण झोन बंद ठेवावा लागे, त्यात त्या मजल्याचा एमसीपीही जाई. आता फक्त तो एक नंबर काही तास बंद ठेवता येतो.

दुसरा फरक रंगारी लोकांमुळे लक्षात येतो. रंग लावताना कोणी कन्व्हेन्शनल डिटेक्टर बेसमधून काढला, तर साध्या बेसवर त्याच्या पुढची लाइनच तुटते. पुढचे डिटेक्टर गेले, एमसीपी गेला. पॅनल फॉल्ट दाखवतं, पण आग लागली तर त्या भागातून काही येणार नाही. यावर डिटेक्टर काढला तरी लाइन जोडलेली ठेवणारे डायोडचे बेस असतात, पॅनलही तसं लागतं, आणि दोन्ही सहसा विचारल्याशिवाय कोणी देत नाही. लूपमध्ये एका जागी वायर तुटली तर पॅनल दुसऱ्या टोकाने बोलतं. फॉल्ट दिसतो, काम चालू राहतं. मात्र दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, म्हणजे शॉर्ट झाला, तर आयसोलेटर (शॉर्ट झालेला तुकडा बाकीच्या लूपपासून तोडणारा भाग) नसलेला लूप पूर्णच बसतो. कोटेशन खाली आणायचं झालं की पहिली कात्री आयसोलेटरवर चालते. युरोपियन मानकात एका बिघाडाने ३२ पेक्षा जास्त डिटेक्टर-एमसीपी जाऊ नयेत असं आहे. आम्ही मजल्याला एक मागितला. शिवाय लूपची जाणारी आणि येणारी केबल एकाच डक्टमधून नेऊ देऊ नका. डक्टमध्ये आग लागली तर दोन्ही एकदम जळतील, मग लूप कशाला केला? आमची परतीची केबल जिन्याच्या बाजूने आणली. कंत्राटदार कुरकुरला, पण आणली.

अ‍ॅड्रेसेबलचं ओझंही आहे. आमच्या दोन कोटेशनांत जवळपास दीडपटीचा फरक होता आणि एजीएममध्ये त्यावर बरंच बोलणं झालं. त्याहून जड मला वाटतं ते प्रोटोकॉलचं, म्हणजे पॅनल आणि डिटेक्टर ज्या भाषेत बोलतात तिचं, बंधन. काही कंपन्यांची पॅनलं फक्त स्वतःचेच डिटेक्टर ओळखतात. उद्या त्यांनी मॉडेल बंद केलं की तुम्ही अडकलात. अपोलो किंवा होचिकी यांच्या डिटेक्टरशी बोलणारी पॅनलं वेगवेगळ्या कंपन्या बनवतात, तिथे निदान दुसरं दार उघडं राहतं. आणि पासवर्ड. पॅनलचा पासवर्ड आणि नंबरांची फाइल एएमसीवाल्याच्याच लॅपटॉपमध्ये राहिली, तर एजन्सी बदलणं अवघड होतं. एका ओळखीच्या सोसायटीत हे झालेलं मी जवळून पाहिलं आहे. दोन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये असं मला वाटतं.

बिनतारी सिस्टिमही कोणीतरी सुचवेल. भिंती फोडता येत नाहीत अशा जुन्या वास्तूंत तिचा विचार करावा. आपल्या आरसीसी इमारतींत, प्रत्येक डिटेक्टरची बॅटरी बदलत बसण्याचा व्याप पाहता, मी तरी तिच्यात फार शिरलो नाही.

फॉर्म बीचा मुद्दा मात्र मतदानाच्या वेळी कामी आला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून हे, आगीच्या यंत्रणा नीट चालू असल्याचं, प्रमाणपत्र घ्यावं लागतं. कन्व्हेन्शनलवर झोनमागे एका डिटेक्टरला धुराचा स्प्रे मारून 'टेस्टेड' लिहिलं जाऊ शकतं, बाकीच्यांना हात लागला की नाही हे कळायला मार्ग नाही. अ‍ॅड्रेसेबलवर टेस्ट झाल्यावर मी लॉगची प्रिंट मागतो. प्रत्येक नंबर, त्याची वेळ. जो नंबर प्रिंटमध्ये नाही, तो तपासलेला नाही. सही करणाऱ्या सेक्रेटरीला याहून बरा आधार कोणता?

चार मजली इमारत, मजल्यावर एक एमसीपी, खाली मीटर रूमला दोन-तीन डिटेक्टर एवढंच असेल, तर कन्व्हेन्शनल घ्या, उरलेले पैसे चांगल्या केबलवर घाला. तिथे लाल दिवा शोधायला दोन मिनिटं लागतात. कुलूपबंद डक्ट, फॉल्स सीलिंग, पोडियम, बेसमेंट आले की माझा कल अ‍ॅड्रेसेबलकडे, उघड्या प्रोटोकॉलचं आणि मजल्यागणिक आयसोलेटर असलेलं.

एक गोष्ट कोटेशनमध्येच लिहून घ्या. स्क्रीनवरची अक्षरं इंग्रजी असतात आणि रात्रपाळीच्या वॉचमनला ती वाचता येतीलच असं नाही. पॅनलशेजारी लॅमिनेट केलेला तक्ता हवा: डावीकडे नंबर, उजवीकडे मराठीत आणि हिंदीत मजला आणि जागा, आणि डक्टच्या नोंदीपुढे तिची किल्ली कुठे टांगली आहे ते. वॉचमन बदलला की नव्या माणसाकडून एकदा त्यावरून नंबर शोधून घ्यायचा.