नॅनोफिल कंपोझिट: चकाकी, डाग आणि नागपूरचा उन्हाळा

महाल भागातल्या माझ्या दवाखान्यात समोरच्या दातांच्या फिलिंगसाठी गेल्या दिवाळीपासून मी नॅनोफिल कंपोझिट वापरतो आहे, म्हणजे रेझिन (प्लॅस्टिकसारखा पदार्थ) आणि त्यात मिसळलेले अतिसूक्ष्म कण यांचे दातांच्या रंगाचे साहित्य. त्याआधी मायक्रोहायब्रिडवरच, म्हणजे त्याहून मोठे कण असलेल्या कंपोझिटवर काम चालत असे, त्यामुळे दोन्हींची तुलना सारख्याच सवयींच्या तोंडांत करता आली. या सवयी नागपूरकरांना सांगायला नकोत: सकाळी तर्री-पोहे, दिवसभर चहा, अधूनमधून सावजी आणि अनेकांच्या गालात खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण). फिलिंगच्या पृष्ठभागाची याहून कठोर परीक्षा कोणी घेत असेल, असे मला वाटत नाही.

पहिल्या दिवशीच्या चकाकीवर भाळू नये, कारण नीट पॉलिश केलेले मायक्रोहायब्रिडही तितकेच चमकते. फरक दिसतो तो रुग्ण काही महिन्यांनी तपासणीला येतो तेव्हा. ब्रशच्या घर्षणाने आधी कणांमधले रेझिन झिजते, मग उघडा पडलेला कण निखळतो आणि मागे खळगा राहतो. मायक्रोहायब्रिडमधले अनेक कण अर्ध्या ते एक मायक्रोमीटरच्या घरातले असल्याने हे खळगे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे ठरतात. त्यावर प्रकाश विखुरतो आणि दात वाळवताच फिलिंग निस्तेज दिसते. नॅनोफिलमध्ये सूक्ष्म कणांचे पुंजके अख्खे न निखळता थोडेथोडे झिजतात, म्हणून खळगे उथळ राहतात. एका शिक्षिकेच्या शेजारशेजारच्या दोन दातांपैकी एकावर जुने आणि दुसऱ्यावर नवे साहित्य होते, आणि नवे भरले त्याच दिवशी जुन्यालाही पुन्हा पॉलिश केले होते. पुढच्या भेटीत हवेने दोन्ही दात वाळवले, तेव्हा जुन्यावर दिव्याचे प्रतिबिंब पसरट आणि दुधाळ पडले होते, तर नव्यावर दिव्याची कड स्पष्ट ओळखू येत होती.

डागांच्या बाबतीत मात्र जाहिरातीइतका उत्साह मला दाखवता येणार नाही. हळदीतले कुरकुमिन कणांना नव्हे, रेझिनला रंगवते, आणि रेझिन दोन्हींत जवळपास त्याच कुळातले असते. रेझिनमध्ये टेगडीएमए हा पातळ घटक जास्त असेल तर पाणी अधिक शोषले जाते आणि त्याबरोबर रंगही आत जातो. क्युअरिंग (दिव्याच्या प्रकाशाने पेस्ट कडक करणे) अपुरे राहिले तर हे आणखी वाढते, म्हणून साहित्य बदलण्याआधी आपल्या लाइटची तीव्रता मोजून घ्यावी. खर्रा खाणाऱ्यांच्या फिलिंगवरचा तपकिरी थर पॉलिशची डिस्क फिरवताच बहुधा निघतो. कडेची तपकिरी रेघ निघत नाही, कारण तो दोष पृष्ठभागाचा नसून दात आणि साहित्य यांच्या सांध्याचा असतो.

खरे काम शेवटच्या दहा मिनिटांत आहे. मायलार पट्टीखाली (दातावर दाबून धरायची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी) क्युअर केलेला पृष्ठभाग सर्वांत गुळगुळीत असतो खरा, पण त्यात वरचा थर रेझिनने भरलेला आणि मऊ असल्याने तो तसाच ठेवणे योग्य नाही. जिथे पट्टी पोहोचत नाही तिथे ऑक्सिजनमुळे चिकट थर उरतो, तो मी ग्लिसरीन जेल लावून शेवटचे क्युअरिंग करून टाळतो. त्यानंतर अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या डिस्क जाडीपासून अतिसूक्ष्मापर्यंत, एकही पायरी न गाळता फिरवतो. खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की प्लाक (दातावरचा जिवाणूंचा थर) साचण्याचे प्रमाण वाढते, हा उंबरठा १९९७ सालापासून दंतवैद्यकात मानला जातो, आणि ही मर्यादा गाठायला नॅनोफिलला कमी कष्ट पडतात.

मे महिन्यात त्रास झाला. पारा पंचेचाळीसकडे गेल्यावर टेबलावरची सिरिंज पातळ होते, पेस्ट उपकरणाला चिकटून ओढली जाते आणि आत हवेचे बुडबुडे अडकतात, जे पॉलिश करताना सुईच्या टोकाएवढी छिद्रे होऊन वर येतात. फ्रिजमधून काढलेली पेस्ट लगेच वापरली तर उलट घट्ट लागते. आता एका रुग्णापुरतीच सिरिंज थोडी आधी बाहेर काढतो आणि बाकीच्या आतच ठेवतो.

आणखी एक गोष्ट सहकाऱ्यांनी पाळावी: अल्ट्रासॉनिक स्केलरचे (कंपनांनी दात साफ करणाऱ्या उपकरणाचे) टोक फिलिंगवर घासले की नॅनोफिलही ओरखडते, म्हणून स्केलिंगनंतर त्या दातावर पुन्हा पॉलिश करावे लागते. किंमत मायक्रोहायब्रिडपेक्षा जास्त पडते. दाढांमध्ये, जिथे चकाकी कोणाला दिसत नाही, तिथे मी जुनेच साहित्य वापरतो आणि पुढेही तेच वापरीन.