ओ सोव्हाज घ्यावं की व्हेतिव्हेर?

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा: तुम्हाला 'ओ सोव्हाज' हवं आहे, नुसतं 'सोव्हाज' नव्हे. दोन्ही दिओर या फ्रेंच कंपनीचीच अत्तरं, पण पहिलं १९६६चं आणि दुसरं २०१५चं. वासात दोघांचं काडीचंही नातं नाही. नाव अर्धवट घेतलंत तर हातात नवंच पडेल, कारण खपतं तेच.

ओ सोव्हाज एदमाँ रुदनित्स्का या फ्रेंच अत्तरकाराचं. फवारल्याबरोबर लिंबू, बर्गमोट (लिंबाच्याच जातीचं फळ), रोझमेरी. असं तर कोलन, म्हणजे साधं हलकं लिंबाळ अत्तरही देतंच. गंमत पुढे आहे. रुदनित्स्कानं त्यात हेडिओन घातलं, जाईसारखा पण फार हलका, हवेशीर वास असलेलं रसायन. त्यामुळे लिंबू आंबट न राहता मोकळं होतं, उन्हात वाळलेल्या सदऱ्यासारखं. तळाशी ओकमॉस, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा चुलतभाऊच. त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते म्हणून पुढे त्याच्या वापरावर मर्यादा आल्या. तेव्हा वडिलांच्या जुन्या बाटलीतला वास डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल.

गेर्लाँ या फ्रेंच अत्तर-घराण्याचं व्हेतिव्हेर १९५९चं. ते केलं तेव्हा त्याच घराण्यातला अत्तरकार जाँ-पॉल गेर्लाँ जेमतेम बाविशीचा होता. व्हेतिव्हेर म्हणजे आपला वाळाच. फ्रेंच शब्द तमिळ 'वेट्टिवेर'वरून गेला. पण माठातल्या वाळ्याच्या जुडीचा गारवा शोधू नका. इथे वाळा कोरडा आहे, सोबत जायफळ, मिरी आणि तंबाखू. सुरुवातीच्या लिंबामुळे पहिली दहा मिनिटं दोन्ही बाटल्या एकमेकींच्या जवळच्या वाटतात, आणि नेमकी तेवढ्याच वेळात माणसं खरेदी उरकतात. एका मनगटावर हे, दुसऱ्यावर ते लावा, चहा पिऊन या, मग ठरवा.

टिकण्याचं म्हणाल तर माझ्या अंगावर ओ सोव्हाज दमट हवेत तीन तासांत विरतं. सकाळी लावून लोकलनं निघालो की दुपारच्या डब्यापर्यंत फक्त कॉलरला थोडं उरतं. व्हेतिव्हेर संध्याकाळपर्यंत अंगाशी धरून असतं, घामातही बिघडत नाही. बंद एसी खोलीत मात्र त्यातली तंबाखू काहींना जड जाते. आमच्याकडे एकीनं 'पानाच्या ठेल्यावरून आलास का?' असं विचारलं होतं.

एकच बाटली घ्यायची असेल आणि दिवस बाहेर, घामात जात असेल, तर मी व्हेतिव्हेर सांगेन. सौंदर्य म्हणून विचाराल तर ओ सोव्हाज सरस आहे, यात मला शंका नाही. फक्त ते पिशवीत बाळगून दुपारी पुन्हा लावायची तयारी हवी. नाव तेच पण 'पार्फ्युम' लिहिलेली बाटली जास्त टिकते म्हणून कुणी पुढे केली तर ती आधी हुंगा. ती वेगळीच चीज आहे, जास्त गोड आणि जाड.