फ्लड लाईट काढून टोपीवाला पिवळा दिवा लावला : पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

औसा तालुक्यात शेतातच घर आहे आमचं. समोर सोयाबीन, बाजूला गोठा आणि अंगणात लोखंडी पाईपावर 50 वॅटचा पांढराफेक फ्लड लाईट, दिवस मावळला की चालू ते पार उजाडेपर्यंत. पाडव्याला तो उतरवला आणि 9 वॅटचा, 3000 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा) पिवळसर दिवा लावला, माणूस हालला की आपोआप लागणारा सेन्सरवाला, वरून पत्र्याची टोपी. टोपी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, कारण रेडीमेड मिळतात त्यात बल्ब खाली लोंबकळतोय अन् टोपी नुसती नावाला. बांधावर जाऊन बघायचं, उजेड पडलेली जमीन दिसली पाहिजे, बल्ब दिसला की समजा टोपी लहान झाली.

आबांचा सुरुवातीला कडक विरोध. शेतातलं घर, चोराचं भ्या, इचू-किरडाचं भ्या, आणि तू उजेड कमी करायलास व्हय? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं पण फ्लडचा प्रकार असा की अंगण झगझगीत आणि त्याच्या पलीकडं बोअरच्या पेटीपाशी माणूस उभा असला तरी कळायचं नाही, एवढ्या उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते मग अंधारातलं काय दिसणार. आता पायाखालचं नीट दिसतंय आणि बांधापर्यंतची हालचाल पण कळतीय. वरून दिवा मधीच लागला की आबा कुत्र्याच्या आधी उठून बसतेत. रात्रभर जळणाऱ्या लाईटकडं कोण बघत होतं?

सगळ्यात भारी फरक सोयाबीनमधी. दरवर्षी फ्लडच्या तोंडापुढचा पट्टा हिरवागार राहायचा, बाकीचं रान वाळून काढणीला आलेलं आणि हा पट्टा नुसता पाल्यानं माजलेला, शेंगा कमी. बेणं खराब म्हणा, पाणी मुरतंय म्हणा, सगळं म्हणून झालं. कारण साधं आहे, सोयाबीनला फूल धरायला लांब रात्र लागते, रात्री उजेड पडत राहिला की झाडाला वाटतंय दिवस अजून मोठाच आहे आणि ते वाढतच बसतंय. यंदा तो पट्टा बाकी रानाबरोबरच पिवळा पडला, एकदाच मजूर लावले आणि काम संपलं.

किडे बंद झालेत असं नाही, पण पहिल्या पावसानंतर जेवताना ताटात पाखरं पडायची ते लई कमी झालं. पांढऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो आणि किडे त्याच्यावरच जास्त येतेत. हुमणीचे भुंगेरे पकडायला परभणीचं कृषी विद्यापीठ प्रकाश सापळा लावायला सांगतं ना, आमचा फ्लड म्हणजे तसाच सापळा, फक्त खाली रॉकेल-पाण्याचं घमेलं नव्हतं.

आता वाईट बाजू. एप्रिल-मे मधी सेन्सरनं लई डोकं खाल्लं. हा सेन्सर अंगाची उष्णता ओळखतोय, आणि आपल्याकडं मे महिन्यात रात्री नऊला सुद्धा भिंत, हवा, माणूस सगळं सारखंच तापलेलं, मग त्याला फरक कळणार कसा. पार जवळ गेल्याशिवाय लागायचा नाही. मृग लागल्यावर आपोआप सुधारला. त्यामुळं उन्हाळ्यासाठी सेन्सर बायपास करणारं एक बटण वायरमनकडून बसवून घ्याच. गोठ्यात तर सेन्सर लावूच नका, म्हशीनं जरा मान हलवली की दिवा चालू, तिथं साधा पिवळा बल्ब आणि बटण बरं.

बिलाचं म्हणाल तर 50 वॅट बारा तास म्हणजे महिन्याला 18 युनिट जायचे, आता युनिटभर पण जात नसेल. घेताना दुकानदार 6500 केल्विनचाच पांढरा दिवा हातात देतोय, "त्याचा उजेड पडतोय बघा" म्हणतोय. खोक्यावर 2700 किंवा 3000 लिहिलंय का बघून घ्या, आणि वॅट नाही तर लुमेन, म्हणजे उजेड किती पडतोय ते बघा, अंगणाला 800-900 लुमेन बास होतात.

आभाळ हा माझा खरा स्वार्थ. दिवाळीत आमुशा असल्यामुळं आकाशगंगेचा पट्टा अंगणातल्या बाजेवरून दिसला, पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या. उत्तरेला मात्र लातूरच्या उजेडाची साय धरलेलीच असते, तिथं बारके तारे नाहीतच. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मधी डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेल्या जागेचा दर्जा मिळाला, त्यासाठी तिथल्या गावातले रस्त्याचे दिवे सुद्धा खाली उजेड पाडणारे करून घेतलेत. म्हणजे सरकारी दिव्यांना पण टोपी बसतीय.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक उन्हाळ्यातल्या सेन्सरसाठी कापला. बोअरपाशी असाच दुसरा लावायचं ठरलंय, आणि आता बिनसेन्सरचा घ्या म्हणून आबाच मागं लागलेत.