वॉकिंग फूट आणि रबरी मुठीची क्रोशाची सुई: थंडीत काम पुढे सरकवणारी दोन साधनं

दिवस लहान झाले की अर्धवट गोधड्या आणि लोकरीचे सुटे चौकोन कपाटातून बाहेर निघतात. त्यातली बरीच कामं पुन्हा कपाटात जातात, आणि दर वेळी त्याला आळसच जबाबदार असतो असं नाही. शिलाई मशीनच्या साध्या फूटखाली (कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) गोधडीचे तीन थर नीट सरकत नाहीत, आणि गारठलेल्या बोटांनी ओढलेली लोकर घट्ट बसते. या दोन अडचणींवरच्या दोन साधनांचं हे परीक्षण. वॉकिंग फूटवर जरा सविस्तर, कारण घोळ तिथेच जास्त होतात.

साध्या मशीनमध्ये कापड फक्त खालचे दाते पुढे ढकलतात. वरचा फूट नुसता दाबून धरतो. दोन पातळ कापडांना तेवढं पुरतं. मधे बॅटिंग (गोधडीतला भरावाचा मऊ थर) आली की अस्तर पुढे जातं, वरचं कापड मागे रेंगाळतं आणि टीप जिथे दुसऱ्या टिपेला छेदते तिथे चुण्या पडतात. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात. ते खालच्या दात्यांबरोबर वरचं कापडही पुढे नेतात. त्यांना चाल मिळते ती बाजूच्या दुबेळक्यासारख्या दांडीतून. सुई वर गेली की दांडी वर जाते आणि दाते हलतात.

ही दांडी सुई आवळणाऱ्या स्क्रूला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन बसली पाहिजे. ती स्क्रूच्या खाली राहिली तर टीप पडते, आवाजही येतो, पण वरचे दाते मेलेले असतात. मग ‘वॉकिंग फूट घेतला तरी चुण्या पडतातच’ अशी तक्रार येते. बसवताना सुई पूर्ण वर घ्या, साधा फूट त्याच्या अडकणीसकट काढा, नवा फूट दांडी स्क्रूवर ठेवून बसवा आणि स्क्रू बोटांनी नाही, स्क्रूड्रायव्हरने आवळा. मशीन सुरू करण्याआधी हाताने चाक दोनदा आपल्याकडे फिरवून पाहा. सुई कशाला घासत असेल तर तेव्हाच कळतं. आणखी एक खोड: दांडीच्या सततच्या धक्क्याने सुईचा स्क्रू सैल होतो. दर बॉबिनला तो तपासावा, नाहीतर कामाच्या मधेच सुई निसटून खाली येते.

विकत घेण्याआधी शँक, म्हणजे फूट ज्यावर बसतो तो दांडा, किती उंच आहे ते मोजा. फूट खाली सोडून मशीनच्या पाट्यापासून फूटच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचं अंतर पाऊण इंच किंवा कमी असेल तर लो शँक, इंच किंवा जास्त असेल तर हाय शँक. काही जुन्या मशीनना तिरका शँक असतो, त्यांचा फूट वेगळा. ‘सगळ्या मशीनना चालतो’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी मोजाच. फाफ कंपनीच्या अनेक मशीनमध्ये वरून ओढण्याची सोय मुळातच असते, तिथे हा खर्च करूच नये.

स्वस्त फूट आणि मशीनच्या कंपनीचा फूट यांत फरक पडतो, पण किमतीइतका नेहमीच नाही. घेतल्यावर एक चाचणी करा. १८ इंच लांबीच्या दोन सारख्या पट्ट्या कापा, मधे बॅटिंग घाला, टाचण्या न लावता एका टोकापासून टीप मारा. शेवटी वरची पट्टी दोन-तीन धागे पुढे आली तर ठीक. पाव इंच आली तर फूट परत करावा. हातात धरून फूट डावी-उजवीकडे डगमगतो का तेही पाहा. पुढून उघडा असलेला फूट शक्यतो घ्यावा, सुई कुठे उतरते ते दिसतं. अंतर राखायची गाइड-दांडी स्वस्त संचात हळूहळू सरकते. ती आवळली जात नसेल तर कापडावर मास्किंग टेप लावून रेघ धरा.

आता सेटिंग. टाक्याची लांबी ३ ते ३.५ मिमी. २.५ मिमी ठेवला तर जाडीत तो आणखी आखूड दिसतो आणि उसवायची वेळ आली तर डोळे जातात. ९०/१४ ची क्विल्टिंग सुई, ४० किंवा ५० नंबरचा सुती दोरा, फूटचा दाब थोडा कमी. वेग मध्यमच. रिव्हर्सला जाऊ नका, हे दाते पुढे नेण्यासाठीच असतात. सुरुवातीला आणि शेवटी पाव इंच अगदी बारीक टाके घातले तरी टीप पक्की होते. आपोआप दोरा ओवणारी सोय या फूटवर बहुतेक वेळा अडकते, हाताने ओवायची तयारी ठेवा.

आधी मधली टीप, मग बाहेरच्या बाजूला. शेजारशेजारच्या टिपा एकाच टोकाकडून सुरू करा. एक वरून, एक खालून अशी घातली की मधल्या पट्टीत तिरक्या लाटा उठतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबू देऊ नका. ओढ बसली की टाके आखूड पडतात आणि सुई वाकते. डाव्या हाताला खुर्ची लावली तरी पुरतं.

आणि एक कटू सत्य: टाचण नीट नसेल तर हा फूट तुम्हाला वाचवत नाही. अस्तर चारही बाजूंनी ३-४ इंच जास्त ठेवा, ते ताणून चिकटपट्टीने जमिनीला बसवा (ताणायचं म्हणजे सपाट करायचं, रबरासारखं खेचायचं नाही) आणि मधूनच सुरुवात करून दर ४ इंचांवर सेफ्टी पिन लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

थंडीचं म्हणाल तर गार खोलीतलं मशीन जड चालतं, कारण तेल घट्ट होतं. फूट वर उचलून, दोरा काढून मिनिटभर चालवलं की मोकळं होतं. मशीनचंच तेल घाला. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि नंतर मशीन का अडलं याचा शोध लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मशीन गार जागेतून उबदार खोलीत आणलं तर तासभर तसंच ठेवा, आत ओल धरलेली असू शकते. कोरड्या हवेत पॉलिएस्टर बॅटिंगचा भुसा दात्यांत चिकटतो. तो ब्रशने काढा, फुंकर मारू नका.

या फूटचा खटखट आवाज मात्र चांगलाच मोठा आहे, आणि गडद कापडावर गडद दोरा दिव्याखाली दिसत नाही. म्हणून टिपा दिवसा, आणि संध्याकाळी क्रोशा.

क्रोशाच्या सुईत खरं काम मुठीचं. अख्खी धातूची सुई बोटांची ऊब ओढून घेते. रबरी मूठ ते करत नाही आणि घट्ट पकडावीही लागत नाही. क्लोव्हर अमूरसारख्या सुयांत डोकं धातूचं, मूठ मऊ असते. पेनासारखी धरणाऱ्यांना ती लगेच जमते. सुरीसारखी धरणाऱ्यांनी मुठीचं टोक तळहाताला टोचतं का ते बघूनच घ्यावी. लाकडी सुई उबदार लागते, पण ॲक्रिलिक लोकर तिच्यावर अडकते. संपूर्ण संच घेऊ नका. ज्या मापावर काम चालू आहे ते एकच घ्या, बहुतेक वेळा ४ किंवा ५ मिमी.

मुठीतला गोंद सुटून सुई आत फिरायला लागली तर ती बदला, कारण मग फंदे वाकडे पडतात. संध्याकाळचे चौकोन सकाळच्यापेक्षा लहान येत असतील तर ती गारठलेल्या हाताची ओढ. १० सेंमीत किती खांब (क्रोशाचे उभे टाके) बसतात ते मोजून त्या वेळेपुरती ५ ऐवजी ५.५ मिमीची सुई घ्या. भेगाळलेल्या बोटांत लोकर अडकते, तेव्हा क्रीम अर्धा तास आधी लावून पूर्ण मुरू द्या, नाहीतर पांढऱ्या लोकरीवर डाग उतरतात.