सिग्नेचर 'ओके' होती आणि माझे 2.35 इथर (क्रिप्टो चलन) गेले

लिहायला लाज वाटतेय, कारण घरच्यांना आणि मित्रांना "फाईल चालवायच्या आधी डिजिटल सिग्नेचर बघत जा रे" असं ज्ञान वाटणारा मीच. (डिजिटल सिग्नेचर म्हणजे फाईलवरची इलेक्ट्रॉनिक सही.) आणि मी बघितली होती हो! तेच तर डोक्यात जातंय.

स्क्रीन रेकॉर्डर हवा होता, घाई होती, सर्च केलं आणि सगळ्यात वरच्या रिझल्टवर क्लिक केलं. ती जाहिरात होती. पुढचं तुम्हाला माहितीये, हुबेहूब साईट, मोठं डाउनलोड बटण वगैरे. (जाहिरातीतून सॉफ्टवेअर कधीच उतरवू नका, कधीच म्हणजे कधीच.) फाईल 780 एमबीची. त्याच प्रोग्रॅमचं जुनं व्हर्जन जेमतेम दीडशे एमबी होतं, पण म्हटलं हल्ली सगळंच फुगलंय. व्हायरसटोटलवर (फाईलमध्ये व्हायरस आहे का ते तपासणारी साईट) टाकायला गेलो तर तिथली मर्यादा 650 एमबी, चढलीच नाही. फाईल मुद्दाम रिकाम्या डेटाने फुगवतात ती ह्याचसाठी, हे नंतर कळलं.

मग मी शहाण्यासारखं राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, डिटेल्स. वर लिहिलेलं, सिग्नेचर ओके आहे. झालं, मी खूश. त्याच्याच खाली सही करणाऱ्याचं नाव होतं आणि ते त्या सॉफ्टवेअरवाल्यांचं नव्हतंच! कुठल्या तरी भलत्याच ट्रेडिंग कंपनीचं. सर्टिफिकेट (सही करणाऱ्याच्या ओळखीचा दाखला, त्यावरच सही होते) उघडलं असतं तर ते फक्त 11 दिवसांपूर्वी निघालंय हेही दिसलं असतं. बरं, एकदा चुकलं, पण फाईल चालवल्यावर विंडोजचा तो परवानगीचा बॉक्स आला त्यात 'व्हेरिफाईड पब्लिशर' म्हणून परत तेच भलतं नाव, चांगलं ठळक, माझ्या नाकासमोर. आणि मी बॉक्स पिवळा नाही निळा आहे एवढं बघून 'येस' दाबलं. रंग बघितला, नाव वाचलं नाही.

सिग्नेचर एवढंच सांगते की सही कोणाची आहे आणि सहीनंतर फाईल बदललेली नाही. सही करणारा चोर असला तरी ती ओकेच दाखवणार, चोराची सही खरी आहे एवढाच त्याचा अर्थ.

40 मिनिटांत क्रिप्टोचं वॉलेट साफ. 2.35 इथर आणि 640 युएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो). हो, सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) डेस्कटॉपवर टेक्स्ट फाईलमध्ये होती, दोन दिवसांसाठीच ठेवली होती, नवीन डिव्हाईसवर घ्यायची होती, त्यामुळे कृपया त्यावरून अक्कल शिकवू नका, ती शिकून झालीये. ब्राउझरच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणारी माहिती) पण उचलल्या, म्हणून ईमेलमध्ये ओटीपी न लागता घुसले. असं झालं तर आधी दुसऱ्या मशीनवरून सगळीकडचे सेशन लॉगआउट करा, पासवर्ड मग बदला.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांना एक सांगतो, 2010 च्या स्टक्सनेट ह्या मालवेअरमध्ये (घातक प्रोग्रॅममध्ये) रिअलटेक आणि जेमायक्रॉन ह्या कंपन्यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटांच्या सह्या होत्या, 2017 मध्ये सीक्लीनर ह्या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरचं 5.33 व्हर्जन तर कंपनीच्या स्वतःच्या सहीसकट मालवेअर घेऊन आलं, तिथे भले भले फसले. पण खरं सांगायचं तर तिथे नाव तरी बरोबर होतं. माझ्या फाईलवर तेही नव्हतं.

आता तक्रारीची गंमत. सायबर पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, "फाईल तुम्हीच चालवली ना?" मग इथर म्हणजे काय ते मीच समजावलं, मग बँकेचं स्टेटमेंट आणा म्हणाले, अहो ह्यात बँक नाहीच्चे, तर "मग ट्रान्झॅक्शन झालं कशावरून?" ट्रान्झॅक्शन हॅशची (व्यवहाराच्या ओळख क्रमांकाची) प्रिंट काढून नेली तर त्यावर शिक्का कोणाचा विचारतात! तीन चकरा, तीन वेगळे साहेब, तिघांना पहिल्यापासून गोष्ट. क्रिप्टोची खरेदी-विक्री करणाऱ्या एक्स्चेंजला लिहिलं, पैसे ज्या पत्त्यावर गेले तो तुमच्याकडचा आहे, गोठवा, तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात एक्स्चेंजकडून लेखी आणा. जाहिरात दाखवणाऱ्यांनी तर उत्तरच दिलं नाही.

सगळ्यात संताप ज्यांनी त्या चोराला सर्टिफिकेट दिलं त्यांचा. फाईल, तिचा हॅश (फाईलवरून निघणारा, तिचा ठसा असलेला आकडा), सर्टिफिकेटचा सिरियल नंबर, सगळं आयतं पाठवलं. ऑटोमॅटिक मेल आला, "आम्ही तपास करत आहोत". 9 दिवसांनी सर्टिफिकेट रद्द केलं, पण रद्द झाल्याची तारीख टाकली त्या दिवशीची. माझ्या फाईलवर टाईमस्टॅम्प (सही कधी झाली त्याची नोंद) आहे, म्हणजे सही त्याच्या आधीची, म्हणून ती अजून वैधच धरली जाते.

आणि हो, सहीच नसलेली प्रत्येक फाईल वाईट असंही नाही, फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कित्येकांना सर्टिफिकेटचा खर्च परवडत नाही. तिथे हॅश जुळवा, पण ज्या साईटवरून फाईल घेतली तिथलाच हॅश नको, साईटच खोटी असेल तर हॅशही त्यांचाच. जुना इन्स्टॉलर असेल तर त्याच्यावरचं सहीचं नाव नवीनशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

ती फाईल पुरावा म्हणून बंद लॅपटॉपमध्ये ठेवलीये. आज नेट तोडून परत उघडून बघितलं, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, डिटेल्स. अजून ओके.