मीठ आधी कमी करायचं की साखर?

दोन्ही कमी करा, असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण एकदम दोन्हीला हात घातला की आठवड्याभरात सगळंच बारगळतं. सुरुवात एकापासूनच करावी.

मिठातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं आणि रक्तदाब वाढवतं. तो वर्षानुवर्षं चढलेला राहिला की हृदय, मेंदू, किडनी या तिन्हींवर बेततं, आणि बहुतेकांना तोवर काही जाणवत नाही. साखरेचं नुकसान दात, वजन आणि लिव्हरवरची चरबी यांतून दिसतं. पुढं मधुमेहाचा धोका वाढतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, बाहेरचं खाणं धरून. वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५.

साखर निदान मोजता येते. दिवसाला चार चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे तिथंच तीसेक ग्रॅम. गुळाचा चहा घेतला म्हणून हा हिशेब फारसा बदलत नाही. आपला गूळ कितीही नामांकित असला तरी तोही बहुतांशी साखरच.

मीठ मात्र लपून बसतं. कांदा-लसूण चटणी कुटतानाच तिच्यात मीठ पडलेलं असतं. तीच चटणी आपण रश्श्याला घालतो आणि वर सवयीनं पुन्हा मीठ टाकतो. मिसळीच्या कटात मीठ, फरसाणात मीठ, पावातही मीठ. सैंधव वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच.

बीपी किंवा किडनीचा त्रास असेल, घरात कुणाला पक्षाघात झाला असेल, तर आधी मीठ. पोट सुटलंय, शुगर काठावर आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय, तर आधी साखर. रिपोर्ट सगळे चांगले असतील तर मी मीठच आधी म्हणेन. चहातली साखर ज्याची त्याला सोडावी लागते. रश्श्यातलं मीठ कमी केलं की पोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांचं कमी होतं. चटणी घालून, उकळी आल्यावर चव बघा आणि मगच मिठाला हात लावा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरी आणू नका.